सात दिवसांच्या क्यूबला घाबरू नकोस

प्रिय मुली,

मोरजीच्या कामात निम्म्या सिमेंटऐवजी स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड, घालायचं ठरलं आणि कंत्राटदाराने नाक मुरडलं, असं लिहिलंस. मुरडू दे. पण त्याची धास्ती अगदीच खोटी नाही. स्लॅगचं काँक्रीट सुरुवातीला सुस्त असतं. सात दिवसांचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे, कमी ताकदीचे आले की ऑफिसात फोन वाजायला लागतात.

ही सुस्ती का, ते त्याला समजावून सांग. सिमेंट पाण्यात मुरताना चुना सुटतो. स्लॅग त्या चुन्याच्या जोरावर हळूहळू कामाला लागतो आणि बारीक छिद्रं बुजवत जातो. आपल्याकडे खरी लढाई खाऱ्या हवेशी आहे. किनाऱ्यालगतच्या जुन्या बाल्कन्या खालून बघ. सळईच्या रेषेत भेग, तिच्यातून तांबूस ओघळ, बोटाने टोकरलं की पापुद्रा हातात. मीठ सळईपर्यंत पोचू न देणारं काँक्रीट हवं, आणि त्यात स्लॅग नुसत्या सिमेंटपेक्षा सरस. पर्यावरणाचा लाभ आहेच: सिमेंटचा मूळ माल असलेला क्लिंकर 1450 अंशांवर भाजताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधनाचा धूर वेगळा.

मात्र क्युरिंगमध्ये, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्यात, कुचराई झाली तर सगळं मुसळ केरात. काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस 456, अशा मिश्रणाला किमान 10 दिवस सांगतं. तू 14 धर. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठव, कॉलमना गोणपाट गुंडाळ. पावसाळ्यात मुकादम म्हणेल, ‘देवच पाणी मारतोय’. ऐकू नकोस, दोन सरींमधल्या उन्हात स्लॅब खडखडीत वाळतो. सेंट्रिंगही, म्हणजे स्लॅबखालचा साचा आणि टेकू, कॅलेंडर बघून उतरवायचं नाही. स्लॅबशेजारीच ठेवलेले क्यूब फोडून ताकद बघ, मग ठरव.

वाळूऐवजी डिचोलीकडच्या खाणींची टाकाऊ माती वापरू का, असंही विचारलंस. कल्पना चांगली, पण प्रत्येक ढिगाचा माल निराळा. ओली करून तळहातावर चोळ. चिकट लागली तर चिकणमाती आहे, आणि ती पाणी पिते. तपासणीशिवाय स्लॅबमध्ये नको, फार तर पेव्हर ब्लॉकवर प्रयोग कर. तोवर क्रशरची, म्हणजे दगड फोडून केलेली, वाळू घे, वाळू-खडीच्या मानकाला, आयएस 383 ला, ती चालते. समुद्राची वाळू कुणी ट्रक भरून फुकट दिली तरी परत पाठव.

ट्रायल मिक्सचे, म्हणजे चाचणीसाठी कालवलेल्या काँक्रीटचे, जादा क्यूब भरून 56 दिवसांसाठी पाण्यात ठेव. 28 आणि 56 चे आकडे शेजारी मांडून कंत्राटदाराला दाखव, आणि एक प्रत मला पाठव. पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 च्या वर गेलेलं दिसलं तर मात्र माझा फोन येईल.

तुझा,
काका