10 मीटर एअर रायफलचा वेग वाढवला तर नेमबाजी सुधारेल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : दोन वर्षे वापरलेल्या 4.5 मिमीच्या पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच भरलेल्या दाबाखालच्या हवेवर चालणाऱ्या) मॅच रायफलचे शॉट आता पूर्वीसारखे एका जागी पडत नाहीत, गट (लक्ष्यावरील भोकांचा पुंजका) वर-खाली लांबतो आहे, तेव्हा हॅमरच्या (हवेची झडप ठोकून उघडणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगचा ताण वाढवून छर्र्याचा वेग वाढवावा का?

वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी अनेक वर्षे 10 मीटर एअर रायफल खेळलो आणि आता क्लबातील मुलांच्या रायफली तपासून, लावून देतो. या अनुभवावरून सांगतो की, आपल्याला वेग वाढवायचा नसून प्रत्येक शॉटला तोच वेग मिळवायचा आहे. मॅच रायफलमधून साधारण 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे 170 ते 175 मीटर वेगाने सुटतो आणि 10 मीटरचे अंतर सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यात कापतो. तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने जेमतेम 17-18 मिमी खाली येतो. ही घट दर वेळी सारखीच असेल तर साइट लावताना ती आपोआप जमेस धरली जाते. मात्र एका शॉटचा वेग दुसऱ्यापेक्षा 3 मीटरने कमी-जास्त झाला, तर छर्रा सुमारे 0.6 मिमी वर किंवा खाली लागतो. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर गुणाचा प्रत्येक दशांश 0.25 मिमीचा असतो, म्हणजे एवढ्या फरकाने दोन दशांश जातात, आणि 60 शॉटच्या पात्रता फेरीत दोन दशांशांची किंमत काय असते हे आपण जाणताच. भारतात 4.5 मिमीपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. आपली रायफल 8 ज्यूलच्या आसपास असल्याने त्या मर्यादेपासून दूर आहे, पण वेगाच्या मागे लागण्याची मुळात गरजच नाही.

सर्वप्रथम दोष रायफलचा आहे की नेमबाजाचा, हे ठरवावे. श्वास रोखण्याची वेळ चुकली तरी गट वर-खालीच पसरतो. त्यासाठी रेंजवरील चाचणीच्या पकडीत रायफल घट्ट बसवावी, पकडीच्या जबड्यांना मऊ अस्तर असावे आणि दहा शॉट घ्यावेत. पकडीत गट घट्ट आला, तर पाना खाली ठेवून प्रशिक्षकांकडे जावे. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक रायफली या पहिल्याच परीक्षेत निर्दोष ठरतात.

पकडीतही गट पसरला, तर क्रम मोडू नये : आधी स्क्रू, मग वेग, मग छर्रे. दस्त्याला धरून ठेवणारे, नळीच्या पकडीचे आणि साइटचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या मापाने, टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर लावणाऱ्या पान्यानेच) आवळावेत. हाताच्या अंदाजाने आवळलेले दोन स्क्रू कधीच सारखे नसतात, आणि लाकडी दस्ता तर पावसाळ्यात फुगतो व उन्हाळ्यात आकसतो.

वेगाची तपासणी मात्र निवांतपणे करावी, कारण आपल्या तक्रारीचे मूळ मला तिथेच दिसते. वेग मोजणारा क्रोनोग्राफ नळीपुढे ठेवून सलग वीस शॉटचे आकडे वहीत लिहावेत. मग रायफल हवा भरलेल्या अवस्थेत पंधरा मिनिटे तशीच ठेवून पुन्हा पाच शॉट घ्यावेत. गेल्या पावसाळ्यात एका मुलीच्या रायफलने मला असे आकडे दाखवले : विश्रांतीनंतर पहिला शॉट सेकंदाला 179 मीटर, त्यानंतर 173, 172, 173, 173. पुन्हा पंधरा मिनिटे थांबलो, तर पहिला शॉट 178. म्हणजे सिलिंडरमधील 200 बार दाबाची हवा कमी, ठरावीक दाबावर आणून देणारा रेग्युलेटर नीट बंद होत नव्हता. रायफल शांत असताना आतला दाब हळूहळू चढत होता, आणि स्पर्धेत तिने जरा जास्त वेळ घेतला की तो शॉट सुमारे 1.2 मिमी वर जात होता. ती बिचारी महिनाभर स्वतःच्या श्वासाला दोष देत होती. रेग्युलेटर उघडल्यावर त्याच्या बैठकीवर केसाएवढी बारीक चरी आणि चिकट, पिवळसर थर दिसला. हातपंपातून फिल्टरविना आलेल्या दमट हवेचा तो परिणाम होता. बैठक आणि ओ-रिंग (हवा अडवणारे रबरी कडे) बदलल्यावर वीस शॉटमधील सर्वांत जास्त व सर्वांत कमी वेगात दीड मीटरचाच फरक उरला. हॅमरच्या स्प्रिंगला आम्ही हातही लावला नाही.

हे काम आपण घरी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सिलिंडर काढल्यावरही रायफलच्या आत दाबाखालची हवा उरलेली असू शकते, आणि अशा वेळी सुटलेला धातूचा तुकडा डोळा घेऊन जातो. प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच द्यावे. हवेच्या मार्गात पेट्रोलियमचे तेल किंवा ग्रीस कधीही वापरू नये, कारण दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकते. सिलिंडरवर कोरलेली वापराची मुदतही पाहून घ्यावी. ती उलटलेली नाही ना हे पाहण्याची जबाबदारी स्पर्धेत खेळाडूवरच असते.

वेग स्थिर झाल्यावरच छर्र्यांकडे वळावे. एकाच कंपनीचे, डोक्याचे माप 4.49, 4.50 आणि 4.51 मिमी असलेले छर्रे तीन वेगळ्या जातींसारखे वागतात, आणि एकाच मापाच्या दोन बॅचही सारख्या नसतात. नळी फेल्टच्या गोळ्यांनी साफ करावी, पंधरा-वीस शॉट तिला पुन्हा सवय होण्यासाठी सोडून द्यावेत आणि मग प्रत्येक बॅचचे दहा-दहा शॉट पकडीतून घ्यावेत. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजलेले भोक 9.5 मिमीच्या आत असेल, तर ते सगळे शॉट दहाच्या वर्तुळात बसू शकतात, पण आपण 6 मिमीच्या जवळपासचा गट देणारी बॅच शोधावी. पाच शॉटवर निर्णय घेऊ नये, कारण पाच शॉट नशिबानेही एका भोकात जातात. निवडलेल्या बॅचचा क्रमांक डबीवरून वहीत उतरवून घ्यावा आणि वर्षभर पुरतील एवढ्या डब्या एकदमच घ्याव्यात. पुढच्या वेळी दुकानात तीच बॅच मिळेलच असे नाही.