पिलांची बोटं कोण तोडतंय?

प्रश्न : गच्चीवर ८ फूट लांब, ५ फूट रुंद जाळीघरात फिशर लव्हबर्डच्या (छोट्या पोपटाची एक जात) तीन जोड्या आणि एक सुटा पक्षी आहे. घरट्याच्या पेट्या चार. पेटीबाहेर आलेलं पहिलंच पिल्लू दुसऱ्या दिवशी मेलेलं सापडलं. डोक्यावर जखम, पायाची दोन बोटं तुटलेली. उंदराचं काम असेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : उंदीर बहुधा पिल्लू ओढून नेतो, नाहीतर खातो. डोकं आणि बोटं एवढंच फोडलेलं असेल तर संशय लव्हबर्डच्या चोचीवर घ्या, त्यातही मादीच्या. यांची भांडणं दाण्यापेक्षा पेटीवरून जास्त होतात, आणि पेटी नसलेली सुटी मादी दुसऱ्याच्या पेटीत घुसून पिलं मारते.

म्हणून सुटा पक्षी आजच बाहेर काढा. फिशरमध्ये नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे दुकानातली ‘जोडी’ कधीकधी दोन माद्यांची निघते. एकाच पेटीत आठ-दहा अंडी आणि सगळी वांझ, ही त्याची खूण. खात्री हवी असेल तर पिसांवरून डीएनए चाचणी होते.

तीन जोड्यांना सहा पेट्या लागतात, साधारण ८ × ८ × १० इंचांच्या. लांब बाजूंना तीन-तीन, मध्ये दोन फूट अंतर, आणि सगळ्या एकाच उंचीवर. एक जरी वर टांगली तरी तिच्यासाठीच मारामाऱ्या होतील. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास बाहेर आलेलं पिल्लू धड उडत नाही; जवळ दिसेल त्या भोकात शिरतं आणि तिथली मादी त्याला फोडते. अंतर ठेवायचं ते यासाठी. खालच्या कोपऱ्यात पेरूच्या पानाळ फांद्या रचा, म्हणजे पडलेल्या पिलाला लपायला आणि चढायला जागा होते. दाणा दोन-तीन ठिकाणी ठेवा, पाणी उथळ.

मात्र आत्ता अंडी-पिलं असलेल्या पेट्या हलवू नका. नवी मांडणी पुढच्या विणीआधी करा, आणि तेव्हा सगळ्या जोड्या एकाच दिवशी आत सोडा. मागून आलेल्याला जुने पक्षी टिकू देत नाहीत. तोवर पिलं असलेल्या जोडीपुरता भाग पेटीसकट जाळीने अडवा. जाळी अर्ध्या इंचाची, दुहेरी, मध्ये दोन इंच फट. एकेरी जाळीला लटकलेल्या पिलाची बोटं पलीकडून सहज तोडली जातात. बाहेर आल्यावरही साधारण दोन आठवडे बाप पिलांना भरवतो, तेवढे दिवस आडोसा काढू नका.

प्रश्न : पेटीतल्या पिलांची पाठ उघडी पडली आहे. कीड लागली का?

उत्तर : पेटीत, भेगांमध्ये पिसवा-गोचिडी दिसत नसतील तर पिसं आईच उपटत असावी. दुसऱ्या विणीची घाई झाली की ती पिलांना बाहेर ढकलू पाहते. शेजारी दुसरी पेटी द्या, घरट्यासाठी झावळीच्या ओल्या पट्ट्या टाका. कातडी शाबूत असेल तर पिसं परत येतात. रक्त दिसलं तर पिल्लू वेगळं करून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : याच जाळीघरात दुकानातले छोटे, स्वस्त ‘लव्हबर्ड’ सोडू का?

उत्तर : ते बहुतेक बजरीगर, म्हणजे छोट्या पोपटाची वेगळीच जात. लांब शेपटी, पाठीवर काळ्या रेघा, चोचीवर निळसर किंवा तपकिरी मांसल पट्टी. फिशरच्या चोचीपुढे त्यांचे पाय वाचत नाहीत. सोडू नका.