‘तीन व्यक्ती, एक देव’ : यातली ‘व्यक्ती’ नेमकी कोणती?

जालन्याहून तत्त्वज्ञानाच्या एका अभ्यासकानं आपल्या मराठी टिपणासाठी विचारलं आहे : ख्रिस्ती ‘ट्रिनिटी’ला, म्हणजे देव एकच पण व्यक्ती तीन या सिद्धान्ताला, मराठीत ‘त्रिमूर्ती’ म्हटलं तर चालेल का? की ‘त्रैक्य’, की ‘त्रित्व’? आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या तीन ‘व्यक्ती’ म्हणायच्या की तीन ‘रूपं’?

पहिल्या भागाचं उत्तर लवकर संपतं. ‘त्रैक्य’ लिहा. ‘त्रित्व’ चूक नाही. उलट तेर्तुल्यानुस या ख्रिस्ती लेखकानं इ. स. 200च्या आसपास लॅटिनमध्ये वापरलेल्या ‘त्रिनितास’चं ते शब्दशः भाषांतर आहे, आणि हिंदीत तोच शब्द रूढ आहे. पण त्यात नुसतं तीनपण येतं, एकपण येत नाही. ‘त्रैक्य’ची फोड मात्र ‘त्रैलोक्य’सारखी करू नका. ‘त्रैलोक्य’मधला ‘त्रै’ हा ‘त्रि’ची वृद्धी होऊन आलेला; ‘त्रैक्य’मधला ऐकार ‘ऐक्य’चा आहे. काटेकोर संधी केली तर ‘त्र्यैक्य’ व्हायला हवं. जिभेला ते जड जातं, म्हणून रूढ रूपच बरं.

‘त्रिमूर्ती’ टाळा. आपल्याकडे तो शब्द रिकामा नाही. पैठणच्या एकनाथांनी दत्ताच्या आरतीत ‘त्रिगुणात्मक त्रैमूर्ती’ म्हटलं आहे, माहूरला दत्ताचं स्थान आहे. मराठवाड्यातल्या वाचकाला हा शब्द दिसला की समोर दत्तच उभा राहणार. शिवाय त्यामागचा विचार वेगळा आहे. तिथे तीन गुण आहेत आणि कामांची वाटणी आहे : उत्पत्ती, स्थिती, लय. ख्रिस्ती सिद्धान्तात बाहेरच्या जगाशी संबंधित प्रत्येक कृती तिघांची मिळून एकच मानली जाते. ‘पित्यानं घडवलं, पुत्रानं तारलं, आत्म्यानं शुद्ध केलं’ अशी काटेकोर वाटणी केलीत, तर टिपणात पहिल्याच पानावर गफलत झाली.

खरी अडचण ‘व्यक्ती’ या शब्दात आहे. संस्कृतात ‘व्यक्ति’ म्हणजे व्यक्त होणं, प्रकटणं. गीतेच्या सातव्या अध्यायात ‘अव्यक्तं व्यक्तिमापन्नं’ येतं ते याच अर्थानं. हा अर्थ धरला तर ‘एका देवाच्या तीन व्यक्ती’ म्हणजे एकाच देवाची तीन प्रकटीकरणं. नेमकं हेच मत तिसऱ्या शतकात साबेल्लियुसच्या नावावर जमा झालं आणि चर्चनं ते पाखंड ठरवलं : देव एकच, तो कधी पिता म्हणून दिसतो, कधी पुत्र म्हणून. मग ख्रिस्त, म्हणजे पुत्र, पित्याची प्रार्थना करतो तेव्हा तो कोणाशी बोलतो?

दुसरीकडे न्याय या भारतीय तर्कशास्त्रातली ‘व्यक्ती’ आहे. सगळ्या गाईंत असलेलं गोत्व, म्हणजे गाईपण, ही जाती, समोरची एकेक गाय ही व्यक्ती. आजच्या मराठीतली ‘व्यक्ती’ याच्या जवळची आहे : ‘रिक्षात तीन व्यक्ती बसल्या’. हा अर्थ धरला की देवत्व ही जाती आणि तिच्या तीन व्यक्ती, म्हणजे सरळ तीन देव. एकच शब्द, मूळ अर्थानं एका खड्ड्यात नेतो, चालू अर्थानं दुसऱ्या.

यात मराठीचा दोष नाही. लॅटिन ‘पेर्सोना’ नाटकातला मुखवटा आणि पात्रही होता. पुढे बोएथियुस या तत्त्वज्ञानं त्याची व्याख्या ‘विवेकशील स्वभावाचं एकेरी द्रव्य’ अशी केली आणि आता त्याचा अर्थ ‘स्वतंत्र माणूस’ इतका घट्ट झाला आहे, की विसाव्या शतकात धर्मशास्त्री कार्ल बार्थनं तो बाजूला ठेवून ‘असण्याची रीत’ असा शब्दप्रयोग पसंत केला. ग्रीकमध्ये तर जास्तच घोळ. ‘हिपोस्तासिस’ म्हणजे खाली उभं असलेलं, जवळजवळ आपलं ‘अधिष्ठान’. लॅटिन ‘सुब्स्तान्तिया’ची घडणही तशीच. त्यामुळे पूर्वेकडचे ‘तीन हिपोस्तासिस’ म्हणाले की पश्चिमेकडच्यांना ‘तीन द्रव्यं’ ऐकू यायचं. 325 सालच्या नायसिया इथल्या चर्च-परिषदेच्या निषेधवाक्यात ‘उसिया’ (तत्त्व) आणि ‘हिपोस्तासिस’ एकाच अर्थानं आले आहेत. 362मध्ये अलेक्झांड्रियाच्या सभेत, अर्थ नीट असेल तर दोन्ही बोली चालतील, असं ठरलं. आणि बासील व दोन्ही ग्रेगरी (नाझियान्झसचा आणि निस्साचा) या धर्मपंडितांनी ‘उसिया’ सामाईक आणि ‘हिपोस्तासिस’ ज्याचं त्याचं, अशी विभागणी पक्की केली. ऑगस्टिन तर मोकळेपणानं म्हणतो की ‘तीन काय?’ या प्रश्नाला ‘तीन व्यक्ती’ हे उत्तर काही सांगण्यासाठी नाही, गप्प बसायला लागू नये म्हणून आहे.

तेव्हा ‘व्यक्ती’च वापरा, पण पहिल्यांदा येईल तिथे लिहा : ‘इथे व्यक्ती म्हणजे प्रकटीकरण नव्हे, आणि वेगळा माणूस असावा तसा वेगळा देवही नव्हे.’ ‘रूपं’ वापराल तर साबेल्लियुसच्या दारात उभे राहाल.

पुत्राचं पित्याशी नातं सांगणारा नायसियाचा कळीचा शब्द ‘होमोउसिओस’. तडजोड म्हणून पुढे आलेला ‘होमोइउसिओस’; फरक एका अक्षराचा. मराठीत बरेच जण दोन्हींसाठी ‘समतत्त्व’, ‘समानतत्त्व’ असं काहीबाही लिहितात, आणि ‘सम’ नि ‘समान’ यांत वाचकाला काहीच फरक कळत नाही. खरं तर यासाठी आपल्याकडे रोजच्या बोलण्यातली जोडी तयार आहे : ‘तेच’ आणि ‘तसंच’. ‘भावानं तेच वावर पेरलं’ आणि ‘भावानं तसंच वावर घेतलं’ यांतला फरक शाळकरी पोरालाही समजतो. पुत्राचं तत्त्व पित्याचं ‘तेच’, ही नायसियाची भूमिका; ‘तसंच’, ही तडजोडवाल्यांची. संज्ञा म्हणून पहिल्याला ‘एकतत्त्व’, दुसऱ्याला ‘सदृशतत्त्व’ ठेवा. ‘द्रव्य’ शब्द शास्त्रीय असला तरी सामान्य वाचकाला त्यात पैसा ऐकू येतो.

नायसियानं ज्याचं मत फेटाळलं त्या आरियुसचं पुत्राविषयीचं घोषवाक्य ‘तो नव्हता असा काळ होता’ असं भाषांतरित झालेलं दिसतं. मूळ ग्रीकमध्ये ‘काळ’ शब्दच नाही, तो मुद्दाम टाळला आहे. पुत्राचा जन्म काळाच्याही आधीचा, पण तरी त्याला आरंभ आहे, असं आरियुसचं म्हणणं. ‘कधीतरी असं होतं, की तो नव्हता’ हे ओबडधोबड वाटलं तरी जवळचं.

आता तर्काची बाजू. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे. पिता पुत्र नव्हे, पुत्र आत्मा नव्हे, आत्मा पिता नव्हे. आणि देव एकच. ही सात वाक्यं एकत्र खरी असू शकतात का? सगळा वाद ‘आहे’ या क्रियापदावर येऊन थांबतो, आणि इथे मराठी मदतीला येते. ‘देवगिरी म्हणजे दौलताबाद’ हे वाक्य उलटवता येतं, ‘दौलताबाद म्हणजे देवगिरी’. ‘देवगिरी हा किल्ला आहे’ हे तसं उलटत नाही. म्हणून पहिल्या तीन वाक्यांत ‘म्हणजे’ घालून बघा : पिता म्हणजे देव, पुत्र म्हणजे देव, तर पिता म्हणजे पुत्र. साबेल्लियुस परत आला. ‘हा किल्ला आहे’ या चालीवर वाचा : देवगिरी किल्ला, परांडा किल्ला, औसा किल्ला, किल्ले किती? तीन. तत्त्वज्ञ रिचर्ड कार्टराइटनं 1987मध्ये ही कोंडी नेमकी मांडली.

निस्साच्या ग्रेगरीचं उत्तर असं, की माणसाचा स्वभाव एकच असल्यानं ‘तीन माणसं’ हाच मुळात भाषेचा गैरवापर आहे. व्याकरणवाल्यानं कपाळावर हात मारावा असं हे उत्तर. पण त्याचा दुसरा मुद्दा, तिघांची कृती एकच असल्याचा, जास्त वजनाचा आहे. तत्त्वज्ञ पीटर गीच म्हणतो, नुसतं ‘तोच’ अपुरं आहे, ‘तोच कोण?’ हे सांगावं लागतं : तोच देव, पण तीच व्यक्ती नव्हे. यावर आक्षेप असा, की खरोखर ‘तोच’ असेल तर एकाला लागू ते सगळं दुसऱ्यालाही लागू व्हायला हवं. ब्रोअर आणि री या तत्त्वज्ञांनी 2005मध्ये दगडाचा दृष्टान्त घेतला. वेरूळच्या कातळावर तो असा बसवता येईल : एकाच दगडात कोरलेली आकृती मूर्तीही आहे आणि छत पेलणारा खांबही आहे. नाक झिजलं तर मूर्ती जाईल, खांब राहील; म्हणून मूर्ती म्हणजे खांब नव्हे. तरी मोजताना दगडी वस्तू एकच. दृष्टान्त सुरेख आहे, पण लंगडतो तिथेच, जिथे देवाच्या बाबतीत दगडाच्या जागी काय, असं कोणी विचारतं.

बेलाच्या पानाचा दाखला मात्र टिपणात घेऊ नका. त्रिदळातलं एक दळ म्हणजे पानाचा तिसरा हिस्सा. पिता हा देवाचा तिसरा हिस्सा नव्हे, पूर्ण देव आहे.

लिहिताना दोन ठिकाणी हात घसरतो. ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘पिता ही पहिली व्यक्ती, ती पुत्राला जन्म देते’ असं वाक्य होतं आणि वाचक हसतो. एकदा ‘व्यक्ती’ म्हणा आणि पुढे नावानंच उल्लेख करा. दुसरं, ‘देव’ शब्दाचं अनेकवचनही ‘देव’च. एक की अनेक हे फक्त क्रियापदावरून कळतं, आणि आपण आदरानं ‘देव आहेत’ लिहून तीही खूण पुसून टाकतो. इथे आदरार्थी बहुवचन सोडा, बिनदिक्कत ‘देव आहे’ लिहा. विठ्ठलाला आपण ‘तू’ म्हणतो, मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतही पित्याला ‘तू’च म्हणतात, त्यामुळे कुणाला खटकणार नाही.