रीअॅनालिसिसमधला १९४० पासूनचा पावसाचा ट्रेंड खरा मानायचा का?

तुमचे दोन प्रश्न आहेत, हवामानाच्या जुन्या नोंदी आहेतच तर त्या परत मॉडेलमधून कशाला काढायच्या (यालाच रीअॅनालिसिस म्हणतात), आणि ईआरए-५ हे युरोपच्या हवामान केंद्राचं रीअॅनालिसिस वापरून १९४० पासूनचा पावसाचा ट्रेंड काढला तर चालेल का.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. रोजचा अंदाज देणारं मॉडेल सारखं सुधारत असतं, त्यामुळे त्या त्या वेळचे नकाशे ओळीने लावले तर मॉडेल बदलल्याने आलेली उडी हवामानच बदलल्यासारखी दिसते. म्हणून एकच मॉडेल कायम ठेवून सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा त्यातून काढायच्या, ही कल्पना हवामानशास्त्रज्ञ बेंग्टसन आणि शुक्ला यांनी १९८८ मध्ये मांडली होती.

पण खरी गोम पुढे आहे. मॉडेल तेच ठेवता येतं, नोंदी कुठे तशा ठेवता येतात? १९४० च्या दशकात हवेच्या नोंदी घेणारे बलून थोडे, दक्षिण गोलार्धातले समुद्र तर जवळपास रिकामेच, आणि १९७९ च्या सुमारास सॅटेलाइटचा डेटा धो धो यायला लागतो. जिथे नोंद नाही तिथे मॉडेल आपल्या स्वभावाने चालतं, नोंदी आल्या की खेचलं जातं, आणि ही खेच ग्राफमध्ये ट्रेंड म्हणून दिसते.

पावसाचं तर अजून अवघड, कारण ईआरए-५ मधला पाऊस हा मॉडेलच्या छोट्या फोरकास्टमधून येतो, पर्जन्यमापकाचे आकडे त्यात जवळपास जातच नाहीत. त्यामुळे फक्त त्याच्या भरवशावर ८० वर्षांचा निष्कर्ष काढू नका प्लीज. जीपीसीसी या जागतिक पर्जन्य डेटा केंद्राचा डेटा पर्जन्यमापकांवरूनच केलेला आहे, तो शेजारी ठेवून बघा.

दाब आणि वाऱ्यासाठी ट्वेंटिएथ सेंच्युरी रीअॅनालिसिस मला फार आवडतं. हवेतल्या नोंदींपैकी फक्त जमिनीलगतचा दाब घेतात, समुद्राचं तापमान आणि बर्फ बाहेरून देतात, बाकी सगळं मॉडेल भरतं, तरी व्हर्जन ३ थेट १८३६ पर्यंत मागे जातं! त्यात ८० मेंबर आहेत, म्हणजे त्याच काळाची किंचित वेगळी ८० चित्रं, ते जिथे एकमेकांपासून लांब पांगतात तिथे भरवसा कमी. नुसता मीन, म्हणजे सगळ्या मेंबरची सरासरी, डाउनलोड करून थांबू नका, जुन्या काळात तो सपाट होतो, वादळं पुसट दिसतात. आणि जुन्या जहाजांच्या लॉगबुकातले दाबाचे आकडे लोक अजूनही हाताने टाइप करतायत, त्या एकेका आकड्याने मेंबरचा हा पसारा कमी होतो, मला हे काम खूप मोलाचं वाटतं.

तुमचा ग्राफ १९७९ च्या आधी आणि नंतर असा वेगळा काढा, दोन्हीकडे उतार सारखा आला आणि जीपीसीसीशीही जुळला तर पुढे बोलू.