तस्कर म्हणजे फक्त चोर?

एका वाचकाचा प्रश्न: तमिळनाडूतल्या मूर्तींच्या बातम्यांत 'तस्करी' लिहितात ते चूक ना? तस्कर म्हणजे चोर. स्मगलिंगला दुसरा शब्द हवा.

चूक नाही. 'तस्कर म्हणजे चोर, बाकी सगळी हिंदीची नक्कल' हे पालुपद ऐकून कान किटले. चोर हा अर्थ कोशात आहे, तो सांगायला पंडित लागत नाही. खरी गंमत वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या यास्काकडे. निरुक्तात तो म्हणतो, 'तत् करोति' म्हणून तस्कर. 'ते' करणारा! ते म्हणजे पापकर्म, पण नाव घ्यायची सोय नाही. (आपणही 'त्याचे ते धंदे' म्हणतोच.) लगेच दुसरी व्युत्पत्ती: 'तन्' धातूवरून, ज्याचे काम अखंड चालते तो, रात्रंदिवस राबणारा. आधुनिक व्युत्पत्तिकार याला नाके मुरडतात. मुरडोत बापडे, एवढे चपखल दुसरे काही असेल तर दाखवावे.

मनू तर थेट बाजारात नेतो. नवव्या अध्यायात तस्कर दोन प्रकारचे: प्रकाश आणि अप्रकाश. अप्रकाश म्हणजे लपून चोरणारे, रानातले लुटारू. प्रकाश म्हणजे नाना प्रकारचा माल विकून राजरोस फसवणारे. आता तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनचा नटराज घ्या. २००६ मध्ये तो देवळातून नेला अप्रकाश मंडळींनी. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो सुमारे ५० लाख डॉलरना घेतला, न्यूयॉर्कच्या सुभाष कपूरच्या दुकानातून. सोबत बनावट कागद: मूर्ती म्हणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याआधीच भारताबाहेर गेली होती. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडे १९९४ चे फोटो निघाले. कागदांप्रमाणे केव्हाच परदेशी गेलेला नटराज त्यांत श्रीपुरंतनलाच! २०१४ मध्ये मूर्ती परत आली. कपूरला २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दुसऱ्या एका मूर्तिचोरीत १० वर्षांची शिक्षा दिली. पावती फाडणारा, राजरोस दुकान थाटलेला हा मनूचा 'प्रकाश' तस्कर नाही तर कोण?

आणि ज्याची मूर्ती पळवली त्या शिवालाच रुद्रात 'तस्कराणां पतये नमः', तस्करांच्या धन्याला नमस्कार, म्हटले आहे. रुद्र म्हणणाऱ्यांपैकी किती जण तिथे थबकतात?

हां, प्रश्न राहिलाच. देवळातून मूर्ती गेली ती चोरी. खोटे कागद लावून सीमेपार विकली ती तस्करी. दोन्ही खुशाल लिहा. 'पुरातत्त्वांची तस्करी' मात्र नको. पुरातत्त्व ही विद्या आहे, ती कोणी पेटीत घालून नेत नाही.