संवाद ऐकणाऱ्याकडेही पाहावे

तुमच्या कथेत लासलगावच्या लिलावात व्यापारी ‘आबा, माल ओला आहे’ म्हणतो आणि लगेच ‘आबांना अपमान वाटला’ असे सांगून तुम्ही मोकळे होता. त्याऐवजी आबांनी ट्रॉलीतला कांदा उचलून त्याचे वाळलेले पापुद्रे चोळत व्यापाऱ्यासमोर उडवले, एवढेच लिहावे. तेच वाक्य शेजारी उभ्या आबांच्या मुलाला मात्र वेगळेच झोंबेल, कारण कांदा साठवलेल्या चाळीत पाणी शिरल्याचे त्याने बापापासून लपवलेले आहे; तो ट्रॉलीची दोरी उगाच पुन्हा आवळू लागेल. ‘खोचकपणे’, ‘रागाने’ ही क्रियाविशेषणे बहुतेकदा लेखकाचा आळसच असतात (मत जरा कडक आहे खरे). पुनर्लेखनात बोचऱ्या वाक्यांनंतर ऐकणाऱ्याला एखादी ओळ द्यावी. चहापाण्याच्या चौकशीला तिची गरज नाही.