धुक्यात अंगठा नकाशावरच ठेवा

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकचा, वय ३६. पाच वर्षं झाली ट्रेल रनिंग करतोय, सह्याद्रीत ५० किमीच्या दोन आणि ८० ची एक रेस पूर्ण केलीय. पुढच्या वर्षी मे अखेरीस स्कॉटलंडला स्काय बेटावर जायचं ठरतंय, मित्र ग्लासगोला असतो, आम्ही दोघं मिळून स्काय ट्रेल उत्तरेकडून दक्षिणेकडे एका दमात पळायचं म्हणतोय. साधारण १२८ किमी आहे. फ्लॅग नाहीत, रिबिनी नाहीत, पाट्यासुद्धा जवळजवळ नाहीत, वाट आपली आपण शोधायची. माझ्याकडे चांगलं जीपीएस घड्याळ आहे आणि ट्रेलची जीपीएक्स फाईल, म्हणजे घड्याळात टाकायची वाटेची रेघ, पण मिळालीय. मग नकाशा आणि होकायंत्र शिकायची खरंच गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि आत्तापासून लागा असंच सांगेन. घड्याळ घेऊन जा, फाईल पण टाका, त्याला माझा विरोध नाही. पण घड्याळातली रेघ म्हणजे दुसरा कोणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी, बहुतेक चांगल्या हवेत जिथून गेला ती वाट. पुढे कडा आहे का, ओढा फुगलाय का, ही सोंड कुठे उतरते हे ती रेघ सांगत नाही. ते नकाशा सांगतो.

ट्रॉटर्निशची धार घ्या, तुमच्या वाटेवरचा सगळ्यात लांब आणि एकाकी टप्पा. फ्लॉडिगॅरीपासून स्टोरपर्यंत साधारण २९ किमी, मध्ये गाव नाही, दुकान नाही, धारेवर पाण्याचाही भरवसा नाही. तिथला कातळ बघून तुम्हाला ओळखीचं वाटेल, कारण तो बेसाल्टच आहे, लाव्हाचे थरावर थर, आपल्या सह्याद्रीसारखेच. आपला दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, स्कायचा साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचा. फरक असा की तिकडे त्या जड बेसाल्टखाली जुरासिक काळातले मऊ खडक आहेत आणि त्यांना तो भार पेलला नाही, अख्खी पूर्व बाजू घसरून खाली आली, आणि त्यातूनच क्विराँगचे आणि ओल्ड मॅन ऑफ स्टोरचे सुळके झाले. क्विराँगची घसरण अजून थांबलेली नाही, खालच्या रस्त्याची सारखी डागडुजी करावी लागते.

हे सांगायचं कारण असं की भूगोल कळला की निम्मं नेव्हिगेशन झालंच. पूर्वेला कडा, पश्चिमेला सौम्य उतार, आणि धार उत्तर-दक्षिण. म्हणजे दक्षिणेकडे पळताना कडा कायम डाव्या हाताला असणार. धुकं आलं तरी एवढं डोक्यात पक्कं पाहिजे. मात्र त्या कड्याला धरून म्हणजे अगदी काठाने जायचं असं नव्हे, काठ तुटका आहे, जोराचा वारा असतो, वीसेक पावलं आत राहा. आणि खरा धोका कड्याचा वाटतो तेवढा नाहीच, तो पश्चिमेच्या सौम्य उताराचा आहे, कारण तिकडे पाय आपोआप वळतात, उतार सोपा असतो, गवत मऊ असतं, आणि अर्ध्या तासाने कळतं की आपण भलत्याच दरीत, दलदलीत उतरलोय आणि जवळचा रस्ता कित्येक किलोमीटर लांब आहे.

आपल्याकडे जशा ढोरवाटा फसवतात तशा तिकडे मेंढ्यांच्या वाटा फसवतात. मी एकदा हरिश्चंद्रगडाच्या अलीकडे एका ठसठशीत वाटेला लागले होते, एवढी मळलेली की शंका यायचं कारणच नव्हतं, आणि ती वाट एका पाणवठ्याशी जाऊन संपली. समोर नुसता चिखल, खुरांचे ठसे आणि कारवी. त्या दिवशी एक गुराखी मामा भेटले म्हणून निभावलं, त्यांनी काठीनेच दाखवलं, असं मागे जा आणि आंब्याच्या झाडाला उजवी घाला. ट्रॉटर्निशवर मामा भेटणार नाहीत. मेंढ्या भेटतील, आणि त्यांना गवत जिथे आहे तिथे जायचंय, तुम्हाला ट्रेलच्या शेवटाला, ब्रॉडफर्डला जायचंय.

म्हणून पहिली सवय अंगठ्याची. नकाशा सॅकमध्ये नाही, हातात, बरोबर घडी घालून, जाण्याची दिशा वर आणि आपण आत्ता जिथे आहोत तिथे अंगठ्याचं नख. खिंड आली, अंगठा सरकवला. कुंपण ओलांडलं, सरकवला. पळताना मग पूर्ण नकाशा शोधत बसावं लागत नाही, एक नजर टाकली की जागा सापडते. मी ही धार दोन दिवसांत चाललेय, पळाले नाही, आणि धारेवरच्या बेन एड्रा शिखराच्या अलीकडे ढग असा खाली आला की सोबतीण दहा पावलांवर दिसेना. नकाशाच्या पिशवीवर पाण्याचे थेंब साचत होते, मी बोटाने पुसायचे, परत साचायचे, पण अंगठा हलू दिला नव्हता त्यामुळे एवढं माहीत होतं की शेवटची खिंड मागे आहे आणि आता चढच लागला पाहिजे. पंधरा मिनिटांनी चढ लागला तेव्हा जीवात जीव आला.

दुसरी सवय, निघायच्या आधीच्या आठवड्यात घरी बसून प्रत्येक टप्प्याला तीन गोष्टी लिहून काढा : काय धरून जायचं (कडा, ओढा, कुंपण, किनारा), पोचलो हे कशावरून कळणार, आणि पुढे निघून गेलो तर कशामुळे लक्षात येणार. ही तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत आणि तिथेच एक-दोन तास जातात. सोबत वेळही लिहा. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला हिशोब अजून चालतो, सपाटीला ताशी ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. त्या २९ किमीच्या टप्प्यात चढ दीड हजार मीटर धरला तरी चालत सव्वाआठ तास होतात. तुम्ही पळणार, कमी लागेल, पण किती कमी ते इथे सरावात मोजून ठेवा. कारण खिंड चाळीस मिनिटांत यायला हवी होती आणि सत्तर झाली तर ती "अजून येईल" अशी वाट बघायची नसते, थांबायचं, आणि जिथे शंभर टक्के खात्री होती तिथे मागे जायचं. मागे जाणं पायांना नाही, मनाला जड जातं, मला माहितीये.

होकायंत्राबद्दल दोन-तीन गोष्टी ज्या इथे सहसा कोणी सांगत नाही. भारताकडच्या झोनसाठी बनवलेल्या होकायंत्राची सुई स्कॉटलंडमध्ये कलते, घासते, नीट फिरत नाही, कारण तिकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत बरंच खोल कललेलं आहे, तेव्हा एक तर तिकडे विकत घ्या नाहीतर ग्लोबल सुईचं घ्या. मोबाईलला चिकटून एकाच खिशात ठेवू नका, सुईचे ध्रुव उलटे होऊ शकतात आणि मग ती उत्तरेला दक्षिण दाखवते. आणि स्लिगॅचनच्या पुढे काळ्या क्युलिनच्या डोंगरांपाशी तर होकायंत्रावर विसंबूच नका, तिथल्या गॅब्रो खडकात चुंबकीय खनिज आहे, सुई भरकटते. तुमची वाट सुदैवाने दरीतून जाते, एका बाजूला लाल ग्रॅनाइटचे गोल डोंगर, दुसऱ्या बाजूला काळे दातेरी, ओढा सोबतीला, तिथे डोळ्यांनीच चालतं.

कॅमसुनेरीहून एल्गॉलला जाणारी किनाऱ्याची वाट मात्र शांतपणे चाला, पळू नका. अरुंद आहे, एका हाताला सरळ समुद्र, आणि तोवर तुमच्या पायांत ऐंशी-नव्वद किलोमीटर असणार.

नकाशावरची गेलिक नावं पण शिकून घ्या, दहाबारा शब्द पुरतात. बेलाख म्हणजे खिंड, आल्ट म्हणजे ओढा, बेन डोंगर, कॅमस म्हणजे छोटी खाडी, मोर मोठा, बेग लहान, डूव काळा, जेरग तांबडा. आपल्या खिंड, नाळ, घळ, टेंभा यांसारखंच, नावातच जागा कशी आहे ते सांगून ठेवलंय.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे चौघे, असंच काहीतरी दोन वर्षांनी करायचं मनात आहे. सह्याद्रीत राहून याचा सराव कसा करायचा? आणि पावसाळ्यात भिजत पळायची सवय आहे, ती उपयोगी पडेल ना?

उत्तर : भिजायची सवय उपयोगी पडेल, पण त्यावर भरवसा ठेवू नका, कारण आपला पाऊस बऱ्यापैकी कोमट असतो, २२-२४ अंशात भिजलं तरी पळत राहिलं की अंग गरम राहतं. स्कायला धारेवर ७-८ अंश, वरून आडवा वारा, आणि मुख्य म्हणजे नकाशा बघायला तुम्ही थांबता. दोन-तीन मिनिटांत घाम गार पडतो, बोटं वळत नाहीत, चेन लागत नाही, आणि मग माणूस "जाऊ दे, असेल हीच वाट" म्हणून पुढे जातो. बहुतेक चुका अशाच होतात, अडाणीपणाने नाही, थंडीने. म्हणून शिवणींना टेप लावलेलं पूर्ण वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट, कोरडा जादा थर पिशवीत बंद, हातमोजे दोन जोड, आणि थांबायच्या आधीच जॅकेट चढवायचं, थंडी वाजायला लागल्यावर नाही.

सराव असा करा. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०००० चा नकाशा घ्या, त्यात २ सेंमी म्हणजे १ किमी. तिकडचा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर १:२५००० चा, ४ सेंमीला १ किमी, कंटूर म्हणजे समान उंचीच्या रेषा सहसा १० मीटरच्या, त्यामुळे इथे जमलं की तिकडे डोळ्यांना मोकळं वाटेल. ओळखीची वाट नको, चौघांनी आळीपाळीने पुढे राहायचं, मोबाईल बंद करून सॅकच्या तळाशी. गावात मामा-मावशींना विचारायला हरकत नाही, पण आधी आपला निर्णय घ्या, तो मोठ्याने बोला, आणि मग विचारा. चूक निघाली तर ती नेमकी नकाशात कुठे झाली ते तिथल्या तिथे शोधा. आणि महिन्यातून एकदा रात्री, हेडलॅम्पवर. मे-जूनमध्ये स्कायला रात्री दहापर्यंत उजेड असतो म्हणून याची गरज नाही असं वाटेल, पण धुक्यातला उजेड आणि रात्र यात डोळ्यांना फार फरक नसतो.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची. मुलगी २५ वर्षांची, एडिंबराला शिकते, ती स्काय ट्रेल एकटीने पळणार म्हणते. मला रात्र रात्र झोप नाही. तिला थांबवू का?

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी समजते, माझ्या आईने अशाच रात्री काढल्यात. थांबवू नका, पण तिच्याकडून पाच गोष्टी कबूल करून घ्या. वाटेचा कागद आणि प्रत्येक टप्प्याची वेळ तुमच्याकडे आणि तिकडच्या एका मैत्रिणीकडे राहील. सॅटेलाइटवर चालणारा ट्रॅकर सोबत असेल, कारण दऱ्यांमध्ये मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. एक ठरलेली वेळ, ती उलटली की मैत्रीण वाट न बघता ९९९ ला फोन करेल, पोलीस मागेल आणि मग माउंटन रेस्क्यू. स्कायची रेस्क्यू टीम स्वयंसेवकांची आहे, डोंगर जाणणारी माणसं आहेत. आणि शिट्टी, मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून परत. तिकडे ती मदतीची खूण आहे.

पाचवी गोष्ट तिच्याशी मोकळेपणाने बोला : ती कुठे कुठे पळणं सोडून बाहेर पडू शकते. पोर्ट्रीला गाव आहे, बस आहे. स्लिगॅचनला रस्ता आहे. एल्गॉललाही. स्लिगॅचनला पोचेपर्यंत हवा बिघडली असेल तर पुढच्या दरीत शिरायचं नाही, ओढे पावसात तासाभरात फुगतात, हे तिने घरी बसून ठरवलं असेल तर तिथे दमलेल्या डोक्याने ठरवावं लागणार नाही. ज्या मुली हे आधी ठरवतात त्या नीट परत येतात, हा माझा अनुभव आहे.

शेवटच्या टप्प्यात ती सुइश्निश आणि बोरेरेगवरून जाईल. १८५० च्या आसपास मेंढ्यांसाठी जमीनदाराने तिथली माणसं घरातून काढली, नुसत्या दगडी भिंती उरल्यात, आत गवत वाढलंय. तिला म्हणावं तिथे दोन मिनिटं थांब आणि मला फोटो पाठव.

प्रश्न : खायला काय न्यावं? इथून नेलं तर चालतं का? आणि तिकडच्या चिलटांबद्दल फार ऐकलंय. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी इथेच ठेवा. शेंगदाणा-गुळाची चिक्की मला सगळ्यात बरी वाटते, आधीच सुपारीएवढे तुकडे करून ठेवायचे, हातमोजे न काढता तोंडात टाकता येतात. खजूर, खारे शेंगदाणे. नुसत्या जेलवर १२८ किमी काढू नका, साठ किमीनंतर गोड नकोसं होतं, काहीतरी खारट हवंच.

चिलटं म्हणजे मिजेस, मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत, वारा पडला की येतात, वारा सुटला की जातात. डोक्यावरून घ्यायची जाळी बरोबर ठेवा, खिशात मावते, आणि नकाशा बघायला थांबायचं तर वारा लागेल अशा उंचवट्यावर थांबा. त्यांच्यापेक्षा गोचिडांकडे जास्त लक्ष द्या, नेच्याच्या झुडपांतून गेलात की संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी नीट बघा, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरताना दिसला तर डॉक्टरांना स्कॉटलंडला गेलो होतो आणि गोचीड चावली होती हे स्वतःहून सांगा, लाइम हा आजार इथे डॉक्टरांच्या चटकन डोक्यात येत नाही.